परदेशी विद्यापीठांनी कासेगावही पाहावे

जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ 1873 साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या भल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केले होते. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1973 मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या समाजशास्त्र विभागातून एका अमेरिकी तरुणीने पीएच.डी. मिळवली. तिच्या प्रबंधाचा विषय होता 1873 ते 1930 या काळातली पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ. फुल्यांनी ज्या देशाकडे आशेने पाहिले होते, त्या देशातून त्यांच्या कार्याचा शोध घेत कुणीतरी आले होते. ती तरुणी म्हणजे गेल ऑम्वेट. पुढे 1983 मध्ये त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि 25 ऑगस्ट 2021 रोजी सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

त्यांची आठवण आज काढण्याचे कारण नवी मुंबईत आहे. परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा उघडता याव्यात म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने 2023 मध्ये नियम केले. जून 2025 मध्ये मुंबईत पाच संस्थांना इरादापत्रे दिली गेली: स्कॉटलंडचे अबर्डीन, इंग्लंडचे यॉर्क, युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतली इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइन संस्था. नवी मुंबईच्या विमानतळाजवळ या विद्यापीठांची शिक्षणनगरी उभी राहणार आहे. आपल्या मुलांना घराजवळ परदेशी पदवी मिळणार याचा आनंद सगळीकडे आहे आणि तो मला समजतो. पण ‘आंतरराष्ट्रीय शिक्षण’ म्हणून आपण नेमके कशाचे स्वागत करतो आहोत, याची चर्चा मला कुठे ऐकू येत नाही. फी किती, वसतिगृह कसे, नोकरी कुठे, एवढ्यावरच बोलणे थांबते.

मी वाळवा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात निवृत्त होईपर्यंत समाजशास्त्र शिकवले. आंतरराष्ट्रीय शिक्षण कशाला म्हणायचे, याची माझी कसोटी पुस्तकातून आलेली नाही. माझ्याच तालुक्यात राहून गेलेल्या या बाईंच्या कारकिर्दीवरून ती ठरली आहे. परक्या समाजाची भाषा शिकणे, त्या समाजातल्या तळच्या माणसांकडून ज्ञान घेणे आणि जे लिहिले त्याबद्दल त्याच माणसांना उत्तर द्यायला बांधील राहणे, ही ती कसोटी. नवी मुंबईत येणाऱ्या विद्यापीठांनाही ती लावावी आणि आपल्या विद्यापीठांनाही लावावी, एवढेच मला सांगायचे आहे.

मिनियापोलिसमध्ये 2 ऑगस्ट 1941 रोजी जन्मलेली मुलगी महाराष्ट्रापर्यंत पोहोचली कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने जगाचा अभ्यास करण्यासाठी मोठी यंत्रणा उभी केली. 1946 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती सुरू झाली, 1950 मध्ये भारताशी तिचा करार झाला. सोव्हिएत रशियाने 1957 मध्ये स्पुटनिक सोडल्यावर अमेरिका हादरली आणि पुढच्याच वर्षी तिथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्याच्या सहाव्या प्रकरणाखाली विद्यापीठांमध्ये परक्या भाषा आणि प्रदेश शिकवणारी केंद्रे सरकारी पैशातून निघाली. एखाद्या प्रदेशाची भाषा, इतिहास, समाज, राजकारण हे सगळे एकत्र अभ्यासायचे, या शाखेला ते एरिया स्टडीज म्हणतात. 1961 मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज स्थापन झाली आणि तिचे भारतातले काम सुरू झाले ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात.

या यंत्रणेचा एक धागा आपल्या स्वयंपाकघरातूनही जातो. साठच्या दशकात रेशनवर येणारा अमेरिकी गहू पीएल-480 या कायद्याखाली यायचा आणि भारत त्याचे पैसे रुपयांत चुकते करायचा. त्या रुपयांतला काही हिस्सा 1962 पासून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेण्यासाठी वापरला गेला. मराठी कादंबऱ्या, कवितासंग्रह, जिल्ह्याच्या गावी छापलेल्या पुस्तिका शिकागो, पेनसिल्व्हेनिया, बर्कलेच्या ग्रंथालयांत जाऊन बसल्या. आमच्या आईने ज्या गव्हाच्या पोळ्या केल्या, त्याच गव्हाच्या किमतीतून आमची पुस्तके सातासमुद्रापार गेली. आपल्याकडच्या अनेक ग्रंथालयांत जे शोधूनही सापडत नाही ते तिथे नीट जपलेले असते, त्यामागे ही हकीकत आहे.

या सगळ्यामागे निव्वळ ज्ञानाची ओढ होती असे मी म्हणणार नाही. शीतयुद्धात कुठला देश कुणाच्या बाजूला झुकतो, हे अमेरिकेला जाणून घ्यायचे होते. 1968 मध्ये बर्कलेच्याच एका हिमालयीन सीमाप्रदेशावरच्या संशोधन प्रकल्पाला अमेरिकी संरक्षण खात्याचा पैसा असल्याचे उघड झाले. भारतात त्यावर मोठा गदारोळ झाला आणि परदेशी संशोधकांकडे संशयाने पाहणे वाढले. तो संशय निराधार नव्हता. म्हणून परदेशातून ज्ञानासाठी पैसा येतो तेव्हा तो कोण देतो आणि कशासाठी देतो, हे विचारायलाच हवे. नवी मुंबईतही विचारायला हवे.

पण पैसा देणाऱ्याचा हेतू आणि तो पैसा घेऊन शिकणाऱ्याचा हेतू एकच असतो असे नाही. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात शिकलेल्या गेल ऑम्वेट 1963 मध्ये फुलब्राइटवर इंग्रजीच्या शिक्षक म्हणून भारतात आल्या. परत जाऊन त्या बर्कलेत दाखल झाल्या तेव्हा तिथे विद्यार्थ्यांचे आंदोलन आणि व्हिएतनाम युद्धाला विरोध पेटला होता. आशियाचा अभ्यास करणाऱ्या तरुण संशोधकांनी 1968 मध्ये स्वतःची एक समिती काढली. आमच्या ज्ञानाचा वापर युद्धासाठी होत असेल तर आम्ही त्याला विरोध करू, अशी तिची भूमिका होती. त्या समितीच्या नियतकालिकात ऑम्वेटही लिहीत. म्हणजे ज्या यंत्रणेने त्यांना भारतापर्यंत आणले, तिलाच प्रश्न विचारायला त्या तरुणपणी शिकल्या होत्या. आपल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळावी असे मला वाटते, तसेच शिष्यवृत्ती देणाऱ्याला प्रश्न विचारण्याची हिंमतही मिळावी असे वाटते.

1970 च्या सुमारास त्या संशोधनासाठी महाराष्ट्रात आल्या. त्या वेळी फुले आपल्याच विद्यापीठांत किती अपरिचित होते, हे आजच्या पिढीला खरे वाटणार नाही. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले फुल्यांचे समग्र वाङ्मय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1969 मध्ये काढले, तोवर त्यांचे लेखन एकत्र मिळतही नव्हते. ऑम्वेट मराठी शिकल्या. ‘दीनबंधू’पासून मुकुंदराव पाटलांच्या ‘दीनमित्र’पर्यंत पसरलेल्या सत्यशोधकी पत्रकारितेकडे त्यांनी गांभीर्याने पाहिले. केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर, भास्करराव जाधव या ब्राह्मणेतर नेत्यांचे राजकारण त्यांनी उलगडले. 1971 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त फुल्यांवरचा त्यांचा लेख आला. सामाजिक क्रांतीचे तत्त्वज्ञान मांडणारा विचारवंत म्हणून फुल्यांची ओळख त्या लेखाने इंग्रजी वाचणाऱ्या भारताला करून दिली. प्रबंधाचे पुस्तक 1976 मध्ये मुंबईतून निघाले आणि पुढे त्याचा मराठी अनुवादही झाला.

माझ्या हाती ते पुस्तक एम.ए. होऊन शिकवायला लागल्यावर आले. तोवर मी जे समाजशास्त्र शिकले होते त्यात पार्सन्स, मर्टन हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ होते, अमेरिकेतल्या कारखान्यांचे आणि शहरांचे अभ्यास होते. माझा तालुका त्यात कुठेच नव्हता. माझे आजोबा लोकनाट्यातून प्रचार करणाऱ्या सत्यशोधक जलशात ढोलकी वाजवत. घरात ती एक जुनी हौस म्हणून सांगितली जाई, तिला इतिहास कुणी मानत नव्हते. ऑम्वेटांच्या पुस्तकात जलशांबद्दल सविस्तर लिहिले होते. साताऱ्यातल्या कुळांचे 1919 ते 1921 मधले बंड त्यात होते. आमचा वाळवा तालुका 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता, म्हणजे ही माझ्या घरच्यांची हकीकत होती. जगाच्या समाजशास्त्रात माझ्या आजोबांना जागा आहे, हे मला मिनेसोटात जन्मलेल्या बाईंकडून कळले. याचा मला अभिमानही वाटतो आणि रागही येतो. राग आमच्या विद्यापीठांचा येतो, कारण हे काम त्यांच्या दाराशी होते.

पीएच.डी.नंतर अमेरिकी विद्यापीठात स्थिरावण्याची वाट त्यांना मोकळी होती. त्यांनी 1976 मध्ये चळवळीतले कार्यकर्ते भारत पाटणकर यांच्याशी लग्न केले आणि कासेगाव हे आपले घर मानले. सासूबाई इंदुमती पाटणकर इंग्रजी सत्तेविरुद्धच्या प्रतिसरकारच्या लढ्यातल्या. त्या घरात चळवळ हा रोजचा व्यवहार होता. पुढची चार दशके ऑम्वेटांच्या कारकिर्दीला दोन अंगे राहिली. पुणे विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन, कोपनहेगनच्या नॉर्डिक इन्स्टिट्यूट ऑफ एशियन स्टडीजमध्ये अतिथी प्राध्यापक, दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालय आणि ग्रंथालयात अधिछात्र ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला श्रमिक मुक्ती दलाचे काम, स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ, परित्यक्ता स्त्रियांचे मेळावे, दुष्काळी भागातल्या पाण्याच्या परिषदा. त्यांचे लेखन या दोन्हींच्या मधून आलेले आहे.

याचा परिणाम लेखनावर काय झाला, हे मी शिक्षक म्हणून सांगते. 1980 मध्ये आलेल्या त्यांच्या स्त्रियांवरच्या पुस्तकात शेतमजूर बाया, दुष्काळी कामावरच्या बाया, झोपडपट्टीतल्या बाया स्वतः बोलतात. 1975 च्या सुमाराच्या महाराष्ट्राचे ते दर्शन आहे आणि त्यात लेखिका स्वतःही एक पात्र म्हणून वावरते, लपत नाही. 1993 च्या ‘रीइन्व्हेंटिंग रेव्होल्यूशन’मध्ये दलित, स्त्रिया, शेतकरी आणि पर्यावरण यांच्या चळवळींचा एकत्र विचार आहे. उदाहरणार्थ, खानापूर तालुक्यातल्या येरळेकाठच्या गावांनी नदीतली वाळू ही गावाची मालमत्ता म्हणून मागितली, ती विकून बळीराजा धरणाला पैसा उभा केला आणि भूमिहीनांसह प्रत्येक घराला पाण्याचा वाटा द्यायचे ठरवले. दुष्काळी गावे अशी कल्पना मांडतात तेव्हा समाजशास्त्रज्ञाचे काम काय? ऑम्वेटांनी तिला सिद्धान्ताच्या पातळीवरचा विचार म्हणून वागवले. गावकऱ्यांकडे कच्चा माल आहे आणि सिद्धान्त विद्यापीठात तयार होतो, ही विभागणी त्यांनी मानली नाही.

त्यांच्या पुस्तकांची यादी मोठी आहे. 1994 चे ‘दलित्स अँड द डेमोक्रॅटिक रेव्होल्यूशन’, 2003 चे भारतातल्या बौद्ध धम्मावरचे पुस्तक, 2004 चे आंबेडकर चरित्र, 2008 चे ‘सीकिंग बेगमपुरा’. यातल्या शेवटच्या पुस्तकात चोखामेळा, जनाबाई, कबीर, रविदास, तुकाराम यांच्यापासून फुले, पंडिता रमाबाई, पेरियार आणि बाबासाहेबांपर्यंत एक सलग विचारपरंपरा त्यांनी दाखवली. वसंत मून यांचे ‘वस्ती’ हे आत्मकथन त्यांनी इंग्रजीत नेले. भारत पाटणकरांबरोबर तुकोबांचे अभंगही नेले. एरिया स्टडीजचा अभ्यासक सहसा एखाद्या प्रदेशाचा जाणकार म्हणून ओळखला जातो. ऑम्वेटांनी त्या प्रदेशातल्या विचारवंतांना जगातल्या विचारवंतांच्या पंगतीत बसवले.

त्या एकट्याच होत्या असेही नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 1969 मध्ये बाबासाहेब आणि महार चळवळीवर प्रबंध लिहिणाऱ्या इतिहासकार एलिनॉर झेलियट पुढे कार्लटन कॉलेजातच प्राध्यापक झाल्या आणि विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांना त्यांनी महाराष्ट्राकडे वळवले. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन फलटणच्या मराठीचा अभ्यास करायला आल्या, फलटणलाच राहिल्या आणि तिथे त्यांनी मुलांसाठी शाळा उभी केली. हे सगळे घडले ते या माणसांना मराठी शिकायला, गावात राहायला आणि घाई न करता काम करायला सवड आणि पैसा मिळाला म्हणून. आता अमेरिकेतच या निधीवर गदा आली आहे. पुढची ऑम्वेट किंवा झेलियट तिकडून येईल असे धरून बसण्यात अर्थ नाही.

ऑम्वेटांची सगळी मते मला पटली नाहीत. खुल्या अर्थव्यवस्थेकडे त्या बऱ्याच अनुकूलतेने पाहत, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेबद्दल त्यांना आपुलकी होती. द्राक्षाचा भाव पडला की तासगावच्या शेतकऱ्याचे काय होते हे जवळून पाहिल्यामुळे बाजारावर तेवढा भरवसा मला ठेवता आला नाही. 1999 मध्ये धरणांच्या प्रश्नावर त्यांनी अरुंधती रॉय यांना खुले पत्र लिहिले. विस्थापितांचे न्याय्य पुनर्वसन आणि दुष्काळी शेतीला पाणी या दोन्ही मागण्या एकत्र करता येतात, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्यावर डाव्या मित्रांनी टीका केली, काहींनी ‘बाहेरच्या’ म्हणून हिणवले. पण त्या वाद टाळून परदेशातल्या सुरक्षित खुर्चीत जाऊन बसल्या नाहीत. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्याच गावात, त्यांच्याच सभेत त्या उत्तर द्यायला हजर राहिल्या. मतभेद असूनही मला त्यांच्याबद्दल आदर आहे तो यासाठी.

आता आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या प्रवाहाकडे पाहू. तोही जुना आहे. पंडिता रमाबाई 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेत गेल्या आणि 1889 मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिले. घर, शाळा, स्त्रियांच्या संस्था, वंशभेद या सगळ्याचा विचार करणारा हा एका मराठी बाईने केलेला अमेरिकेचा सामाजिक अभ्यास आहे. समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी तो इंग्रजीत नेला. मुंबई विद्यापीठातला समाजशास्त्र विभाग 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश माणसाने सुरू केला, पुढे मालवणचे गो. स. घुर्ये केंब्रिजहून शिकून येऊन त्याचे प्रमुख झाले. इरावती कर्वे 1928 मध्ये बर्लिनला गेल्या. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेलेल्या बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी तिथल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. जातीच्या अभ्यासातला तो आजही पायाभूत मानला जातो.

त्या निबंधाला आज सरकारी शिष्यवृत्ती मिळाली असती का? अनुसूचित जाती, विमुक्त आणि भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. 2022 मध्ये तिच्या नियमांत अशी अट आली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताचा सामाजिक अभ्यास या विषयांच्या संशोधनासाठी ती मिळणार नाही. या विषयांची साधने भारतातच असताना परदेशी कशाला जायचे, असा युक्तिवाद केला गेला. तो मला मान्य नाही. साधने भारतात होती तरी बाबासाहेबांना कोलंबियातल्या गुरूंकडून आणि तिथल्या ग्रंथालयांतून विचार करण्याची हत्यारे मिळाली. आपला समाज दुरून पाहिल्यावर जे दिसते ते जवळून नेहमीच दिसत नाही. अमेरिकेतून आलेली बाई कासेगावात जातीचा अभ्यास करते याचे आपण कौतुक करतो. मग सांगलीच्या शेतमजुराच्या मुलीला कोलंबियात जाऊन जातीचा अभ्यास करता येणार नाही, हा कुठला न्याय? ही अट रद्द झाली पाहिजे.

अमेरिकेत 2023-24 मध्ये 3,31,602 भारतीय विद्यार्थी शिकत होते. त्यातले बहुसंख्य संगणक, गणित आणि अभियांत्रिकीचे. त्यांच्या पालकांनी काढलेली कर्जे मला माहीत आहेत. शेत गहाण ठेवून मुलाला पाठवलेली घरे माझ्या गल्लीतही आहेत, त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण एवढी मुले तिकडे राहून आली तरी अमेरिकेच्या समाजावर, तिथल्या शेतीवर, शाळांवर, वंशभेदावर मराठीत लिहिलेले नवे अभ्यासपूर्ण पुस्तक कितीदा हाती येते? नाशिक आणि सांगलीची द्राक्षे नेदरलँड्सला जातात. डच समाज, तिथल्या सहकारी संस्था, तिथल्या बाजाराची रीत यांचा डच भाषा शिकून अभ्यास करणारे केंद्र आपल्या एखाद्या विद्यापीठात निघायला हरकत कोणती? मुंबई विद्यापीठात 1971 पासून आफ्रिकेच्या अभ्यासाचे केंद्र आहे, ही चांगली सुरुवात होती. कोल्हापूर, नांदेड, जळगावपर्यंत ती परंपरा का पोहोचली नाही?

आपल्या घरातलेही तपासायला हवे. माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन मी ऊसतोड कामगारांच्या फडावर जात असे. एकदा वरून छापून आलेली प्रश्नावली भरून घ्यायची होती. त्यात ‘पत्नीचे मासिक उत्पन्न’ असा रकाना होता. बीड जिल्ह्यातून आलेली जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही. मुलांनी रकाना रिकामा ठेवला आणि अहवालात त्या बाया ‘बिनकमाई’च्या ठरल्या. पहाटे तीनला उठून, पाल्यात मूल निजवून मोळ्या बांधणारी बाई आमच्याच समाजशास्त्राने पुसून टाकली. प्रश्नावली इंग्रजी पाठ्यपुस्तकावरून घेतलेली होती. ज्यांच्याविषयी विचारायचे त्यांच्यात आधी राहायचे आणि मग प्रश्न ठरवायचे, ही साधी शिस्त पाळली असती तर असे झाले नसते. परकेपणा फक्त परदेशी माणसात असतो असे नाही. मराठी बोलणारा प्राध्यापकही फडावर परका असू शकतो.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. नवी मुंबईत येणाऱ्या परदेशी विद्यापीठांशी राज्य सरकारने बोलताना जमीन आणि सवलतींबरोबर मराठीचाही करार करावा. तिथे शिकणाऱ्या प्रत्येक परदेशी आणि परप्रांतीय विद्यार्थ्याला मराठीचा किमान एक अभ्यासक्रम असावा. समाज, शेती, आरोग्य, पर्यावरण या विषयांच्या विद्यार्थ्यांनी किमान एक सत्र महाराष्ट्राच्या एखाद्या गावात किंवा वस्तीत राहून काम करावे. महाराष्ट्राविषयी झालेल्या प्रत्येक प्रबंधाचा सारांश मराठीत प्रसिद्ध व्हावा आणि त्याची प्रत ज्या तालुक्यात अभ्यास झाला तिथल्या ग्रंथालयात पोहोचावी. माझ्या आजोबांवर लिहिलेले पुस्तक माझ्यापर्यंत पोहोचायला जेवढा काळ लागला, तेवढा पुढच्या कुणाला लागू नये.

आपल्या विद्यापीठांनीही प्राध्यापकांच्या बढतीसाठीच्या गुणांत मराठीतले अभ्यासपूर्ण लेखन, अनुवाद आणि दीर्घकाळचे क्षेत्रकार्य यांना इंग्रजी शोधनिबंधाइतकेच वजन द्यावे. आज तरुण प्राध्यापक तीन गावांत वर्षभर राहण्याऐवजी तीन परिषदांत शोधनिबंध वाचतो, कारण गुण तिथे मिळतात. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत सामाजिक शास्त्रे आणि परक्या भाषा शिकणाऱ्यांसाठी काही जागा खास राखाव्यात. इंजिनीअर होण्यासाठी कर्ज मिळते. स्वाहिली किंवा जपानी शिकून तिथला समाज समजून घेणाऱ्याला बँक कर्ज देत नाही, त्याच्यामागे सरकारलाच उभे राहावे लागेल.

यातून नोकऱ्या मिळतील का, असा प्रश्न पालक विचारतील आणि तो रास्त आहे. निर्यात, परराष्ट्र व्यवहार, स्वयंसेवी क्षेत्र, पत्रकारिता, अनुवाद यांत भाषा आणि समाज जाणणाऱ्या माणसांची गरज आहे. तरीही मी हे समर्थन मुख्य म्हणून पुढे करणार नाही. दुसऱ्याचा समाज समजून घेणे ही लोकशाहीची गरज आहे. जग आपल्याला ओळखते आणि आपण जगाला ओळखत नाही, ही स्थिती कुठल्याही समाजासाठी धोक्याची असते.

गेल ऑम्वेटांनी त्यांना मिळालेल्या आंतरराष्ट्रीय शिक्षणाची परतफेड आपल्या समाजाला केली. आता पाळी आपली आहे. मुलाला किंवा मुलीला परदेशी विद्यापीठात घालणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे की प्रवेशाच्या वेळी फीबरोबर आणखी एक गोष्ट विचारा: तिथली भाषा आणि तिथली माणसे आमच्या मुलांना तुम्ही कशी शिकवणार? आणि राज्यकर्त्यांना सांगायचे आहे की शिक्षणनगरीची इमारत उभी करणे सोपे आहे, पण जिथून वाळव्याचा ऊसतोड कामगार आणि अबर्डीनचा मच्छीमार एकमेकांना समजू शकतील असे शिक्षण उभे करायला धोरण लागते. ते धोरण इरादापत्रांचे करारपत्रांत रूपांतर होण्याआधी ठरवा.